फॉरमॅट करण्यापूर्वी : विंडोज संगणकाचे निदान आणि विनामूल्य युटिलिटी आज्ञावली

बीजशब्द : संगणक देखभाल, निदान, हार्ड डिस्क, विषाणू, युटिलिटी, परवाना

प्रस्तावना :

महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनची स्थापना २००१ साली झाली आणि त्याच वर्षी एम.एस.-सी.आय.टी. हा अभ्यासक्रम सुरू झाला. संगणक कक्ष ही केवळ शहरी शिक्षणसंस्थांची मिरासदारी त्यानंतर राहिली नाही. तालुक्याच्या गावी आणि मोठ्या खेड्यांतही विंडोज प्रणालीवर चालणारे संगणक आले. प्रवेशाची नोंद, वेतनदेयके, अंतर्गत गुण, नॅकसाठी लागणारी माहिती, प्राध्यापकांचे शोधप्रबंध असे सर्व काही हळूहळू या यंत्रांत साठू लागले. मात्र यंत्र आले म्हणजे त्याच्या देखभालीची व्यवस्थाही आली, असे घडले नाही. नागपूर–हैदराबाद महामार्गावरील वडनेर (ता. हिंगणघाट, जि. वर्धा) यासारख्या गावातील संस्थेला संगणक बिघडल्यास तंत्रज्ञ हिंगणघाट, वर्धा किंवा नागपूरहून बोलवावा लागतो. त्याला त्याच दिवशी परतायचे असते, आणि पुष्कळदा त्याच्याजवळ सर्व रोगांवर एकच औषध असते : 'फॉरमॅट मारा.'

फॉरमॅट हा एक उपचार आहे. तो केव्हा लागू पडतो आणि केव्हा नाही, हे निदानावाचून कळत नाही. असे निदान करण्यासाठी लागणाऱ्या बहुतेक आज्ञावली आकाराने लहान आहेत, त्यांचे मूल्य द्यावे लागत नाही आणि त्यांतील काही तर विंडोजमध्येच असतात. त्या वापरण्यास संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. कोणती आज्ञावली कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते आणि मिळालेल्या उत्तराचा अर्थ कसा लावायचा, एवढे ठाऊक असावे लागते. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

फॉरमॅटची किंमत :

संगणक मंद झाला, मध्येच बंद पडला किंवा निळा पडदा दाखवू लागला, तर त्याची कारणे अनेक असू शकतात. विंडोजच्या फायली बिघडलेल्या असतील किंवा विषाणू शिरला असेल, तर डिस्क पुसून प्रणाली नव्याने बसविल्याने प्रश्न सुटतो. परंतु रॅम सदोष असेल, डिस्कच मृत्युपंथाला लागली असेल, केबल सैल असेल किंवा पंख्यात धूळ साचून प्रक्रियक तापत असेल, तर फॉरमॅटनंतर काही दिवस बरे जातात आणि तीच तक्रार पुन्हा येते. दरम्यान जे गेले ते गेलेलेच असते.

काय जाते याची कल्पना अनेकांना नसते. 'माझे सर्व डी ड्राइव्हवर आहे, म्हणून सुरक्षित आहे' असा समज प्राध्यापकवर्गात सर्रास आढळतो. बहुतेक संगणकांत सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. फॉरमॅट फक्त सी चा झाला, तर डी वाचतो हे खरे. पण डिस्क बंद पडली तर दोन्ही एकदमच जातात. मराठी लेखन करणाऱ्यांची हानी आणखी वेगळ्या प्रकारची असते. युनिकोड रुळण्यापूर्वीचे पुष्कळ मराठी दस्तऐवज सी-डॅकच्या आय.एस.एम. किंवा श्री-लिपी यांसारख्या प्रणालींतील टंकांत आहेत. प्रणाली नव्याने बसविताना ते टंक पुन्हा बसविले नाहीत, तर फाईल शाबूत असूनही तिच्यात रोमन अक्षरांची आणि चिन्हांची अनाकलनीय गर्दी दिसते. अशा वेळी फाईल 'करप्ट' झाली असे समजून ती काढून टाकली जाते, आणि दहा वर्षांपूर्वीचा एखादा प्रबंध केवळ टंकाअभावी नष्ट होतो.

यंत्राने स्वतः ठेवलेल्या नोंदी :

निदानाचा आरंभ नवी आज्ञावली उतरवून घेण्यापासून होत नाही. विंडोजमध्ये 'इव्हेंट व्ह्यूअर' नावाची नोंदवही असते. संगणक नीट बंद न होता विजेअभावी किंवा अन्य कारणाने थांबला, तर पुढच्या वेळी सुरू होताना तेथे ४१ किंवा ६००८ या क्रमांकाची नोंद होते. डिस्कवर सदोष भाग आढळला, तर 'डिस्क' या स्रोताखाली ७ क्रमांकाची नोंद दिसते. २००७ साली आलेल्या विंडोज व्हिस्टापासून 'रिलायबिलिटी मॉनिटर' हे साधनही उपलब्ध झाले. त्यात दिवसागणिक बिघाडांचा आलेख दिसतो. 'गेल्या आठवड्यापासून असे होते' या तक्रारीची शहानिशा तेथे पाच मिनिटांत होते. ४१ क्रमांकाच्या नोंदी वारंवार आणि ठरावीक वेळी दिसल्या, तर संशय प्रथम विद्युतपुरवठ्यावर आणि यूपीएसच्या बॅटरीवर घ्यावा. तेथे विंडोज नव्याने बसवून काहीच साधणार नाही.

हार्ड डिस्क तर स्वतःच्या प्रकृतीची नोंद स्वतःमध्येच ठेवते. या सोयीस 'स्मार्ट' असे संक्षिप्त नाव आहे. जपानी विकासकाने तयार केलेली 'क्रिस्टलडिस्कइन्फो' ही लहानशी मुक्तस्रोत आज्ञावली त्या नोंदी वाचून पडद्यावर मांडते. प्रकृती चांगली असल्यास निळा, सावधगिरीसाठी पिवळा आणि वाईट असल्यास लाल असा रंग दिसतो. तथापि केवळ रंगावर थांबू नये. चार ओळी विशेष पाहाव्यात. ०५ या क्रमांकाची ओळ डिस्कने किती सदोष भाग बाजूला काढून त्यांच्या जागी राखीव भाग घेतले ते सांगते. सी५ ही ओळ वाचता न आलेल्या आणि निर्णयासाठी थांबलेल्या भागांची असते. सी६ ही ओळ दुरुस्त न होणाऱ्या भागांची असते. सी७ या ओळीचा अर्थ मात्र निराळा आहे : डिस्क आणि मदरबोर्ड यांमधील प्रवासात माहिती बिघडल्याची ती नोंद असते. म्हणजे सी७ चा आकडा वाढत असेल आणि बाकीचे तीन शून्य असतील, तर डिस्क बदलण्याआधी केबल बदलून पाहावी. हजारो रुपयांची डिस्क आणि अल्प किमतीची केबल यांतील हा फरक आहे. आणखी एक बारकावा असा की, या आज्ञावलीत मूळ आकडे षोडशमान पद्धतीत दिसतात. तेथे १० असे दिसले तर त्याचा अर्थ सोळा असा होतो. मांडणी दशमान करून घेण्याची सोय मेनूमध्ये आहे.

या नोंदींवर किती विसंबावे, या प्रश्नाचे उत्तर गूगलच्या संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मिळते. एक लाखाहून अधिक डिस्क त्यांनी तपासल्या. पृष्ठभाग तपासताना पहिली चूक नोंदल्यानंतरच्या ६० दिवसांत डिस्क बंद पडण्याची शक्यता, अशी चूक नसलेल्या डिस्कच्या तुलनेत ३९ पट आढळली. परंतु त्याच अभ्यासात असेही दिसले की, बंद पडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कमध्ये चार प्रमुख निर्देशांकांपैकी एकानेही पूर्वसूचना दिली नव्हती. या दोन निष्कर्षांचा एकत्रित अर्थ व्यवहारात फार महत्त्वाचा आहे. धोक्याची नोंद दिसली तर ती खरी मानून त्याच दिवशी फायलींची प्रत काढावी. नोंद दिसली नाही, म्हणून प्रत काढण्याचे टाळू नये.

येथे क्रमाचा प्रश्न येतो, आणि नेमके तेथेच बहुतेक नुकसान होते. डिस्क संशयास्पद वाटली की विंडोजमधील 'चेकडिस्क' ही आज्ञा सदोष भाग शोधण्याच्या पर्यायासह चालविण्याची पद्धत आहे. ही आज्ञा संपूर्ण डिस्क वाचून काढते. मरणासन्न डिस्कला हा श्रम कित्येकदा झेपत नाही. शिवाय ती फायलींची रचना 'दुरुस्त' करताना अर्धवट फायली छाटूही शकते. म्हणून सी५ चा आकडा शून्य नसेल तर आधी प्रत, मग चेकडिस्क. हा क्रम उलट झाला, तर पुढे कोणतेही साधन भरपाई करू शकेलच असे नाही.

फॉरमॅट होऊन गेल्यावरही सर्व संपलेले नसते. फ्रेंच विकासक क्रिस्टोफ ग्रेनिए यांच्या 'टेस्टडिस्क' आणि 'फोटोरेक' या मुक्तस्रोत आज्ञावली अनेक वर्षे या कामी येत आहेत. पहिली हरवलेले कप्पे परत मांडते, दुसरी फायलींच्या अंतर्गत खुणा ओळखून त्या वेचून काढते. फोटोरेकने परत मिळालेल्या फायलींची मूळ नावे मात्र जातात आणि त्यांच्या जागी क्रमांक येतात. शेकडो क्रमांकित फायलींतून हवी ती शोधताना इंग्रजी मजकूर शब्दशोधाने सापडतो. जुन्या टंकातील मराठी मजकूर सापडत नाही, कारण फाईलमध्ये 'गुणपत्रक' हा शब्द देवनागरीच्या संकेतांनी लिहिलेलाच नसतो. अशा फायली एकेक उघडून पाहाव्या लागतात. या प्रकारच्या कोणत्याही साधनाविषयी दोन पथ्ये पाळावीत. ज्या डिस्कवरील माहिती परत हवी, तिच्यावर ते साधन उतरवू नये आणि परत मिळालेल्या फायलीही तिच्यावर साठवू नयेत. नव्या एसएसडी डिस्कच्या बाबतीत आशा फारच कमी असते, कारण पुसलेले भाग 'ट्रिम' या व्यवस्थेमुळे लवकरच खरोखर रिकामे होतात.

रॅम, उष्णता आणि तीन व्होल्टची बॅटरी :

निळा पडदा प्रत्येक वेळी निराळी चूक दाखवीत असेल, तर रॅमवर संशय घ्यावा. 'मेमटेस्ट८६ प्लस' ही आज्ञावली पेन ड्राइव्हवरून, विंडोज सुरू न करताच चालते. ती रात्रभर चालू ठेवावी. यात उत्तीर्ण होण्याइतके गुण अशी काही कल्पना नाही. एकही चूक दिसली तरी रॅम सदोष समजावी किंवा तिची बैठक तरी तपासावी. दमट हवेत संपर्कपट्ट्या काळवंडतात. रॅम काढून त्या पट्ट्या खोडरबराने हलकेच पुसण्याचा दुरुस्तीवाल्यांचा जुना उपाय अवैज्ञानिक नाही; त्यानंतर मेमटेस्ट पुन्हा चालवून खात्री करणे तेवढे राहून जाते.

वर्धा जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. त्यातच कापसाच्या हंगामात हवेत उडणारे तंतू आणि रस्त्याची धूळ पंख्यावर साचते. तापलेला प्रक्रियक स्वतःला वाचविण्यासाठी गती कमी करतो, आणि वापरणाऱ्याला संगणक 'मंद' झाल्यासारखा वाटतो. 'एचडब्ल्यूमॉनिटर' तापमान दाखविते. त्याच संस्थेची 'सीपीयू-झेड' प्रक्रियक, मदरबोर्ड आणि रॅम यांची ओळख पटवून देते, व रॅम वाढविण्यापूर्वी ती पाहिल्यास चुकीची खरेदी टळते. काम नसतानाही तापमान फार चढे असेल तर ब्रश हे पहिले साधन होय.

काही बिघाडांना आज्ञावली लागतच नाही. 'इंटरनेट चालत नाही, प्रत्येक संकेतस्थळ असुरक्षित असल्याचे सांगते' या तक्रारीचे मूळ पुष्कळदा मदरबोर्डवरील तीन व्होल्टच्या, नाण्याएवढ्या बॅटरीत असते. ती संपली की संगणक बंद होताच त्याचे घड्याळ अनेक वर्षे मागे जाते. मग सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे त्या दिनांकाशी जुळत नाहीत. पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख पाहणे एवढेच येथे निदान आहे. तरीही या कारणासाठी फॉरमॅट झालेले संगणक काही कमी नसतील.

चालू प्रक्रियांचा शोध :

यंत्र निरोगी ठरले की प्रणालीकडे वळावे. या क्षेत्रात 'सिसइंटर्नल्स' या संचाइतके मोलाचे काही नाही. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल या अमेरिकी अभियंत्यांनी १९९६ पासून ही साधने लिहून ती विनामूल्य उपलब्ध करून दिली. जुलै २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यांची कंपनीच विकत घेतली. ती साधने आजही मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. त्यांतील 'ऑटोरन्स' ही आज्ञावली संगणक सुरू होताना आपोआप चालणाऱ्या सर्व गोष्टींची यादी देते. मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपविण्याचा पर्याय निवडला, की उरलेली यादी आटोपशीर होते. शंकास्पद नोंद काढून टाकण्याऐवजी तिच्यासमोरील खूण काढावी. चूक झाली तर ती खूण परत करता येते.

'प्रोसेस एक्सप्लोरर' चालू प्रक्रिया, त्यांचे जन्मदाते आणि त्यांच्यावरील डिजिटल स्वाक्षऱ्या दाखविते. शंका आल्यास त्या फाईलचा ठसा व्हायरसटोटल या सेवेकडे पाठवून अनेक विषाणूरोधकांचा अभिप्राय एकदम घेता येतो. या पडद्यावरची एक ओळ मात्र नेहमी घबराट निर्माण करते : 'सिस्टम आयडल प्रोसेस' ९५ टक्के. ती प्रक्रियक किती टक्के रिकामा आहे ते सांगते. उलट 'इंटरप्ट्स' ही ओळ सतत चढी असेल, तर दोष बहुधा एखाद्या उपकरणात किंवा त्याच्या ड्रायव्हरमध्ये असतो.

अशी साधने काय करू शकतात याचे गाजलेले उदाहरण २००५ सालचे आहे. रुसिनोविच यांनी स्वतःच्याच संगणकावर 'रूटकिटरिव्हीलर' हे आपले साधन चालविले, तेव्हा त्यांना दडवून ठेवलेल्या फायली सापडल्या. माग काढता त्या सोनी बीएमजी कंपनीच्या संगीताच्या सीडीने बसविल्या असल्याचे निष्पन्न झाले. ३१ ऑक्टोबर २००५ रोजी त्यांनी हे जाहीर केल्यावर कंपनीला त्या सीडी परत घ्याव्या लागल्या.

दुरुस्तीच्या दुकानातून :

संगणक दुरुस्त करणाऱ्याच्या गरजेतून युटिलिटी जन्माला येते, याचा दाखला महाराष्ट्रातही आहे. कैलाश काटकर यांनी गणकयंत्रे दुरुस्त करण्यापासून आरंभ करून पुण्यात संगणक दुरुस्तीचा व्यवसाय उभारला. दुकानात येणारे अनेक संगणक विषाणुबाधित असत. संगणकशास्त्र शिकणारे त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी ते विषाणू काढण्यासाठी लहान आज्ञावली लिहिल्या. त्यातून 'क्विक हील' हे विषाणूरोधक साकारले. कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस हे कंपनीचे नाव २००७ साली क्विक हील टेक्नॉलॉजीज झाले. हे उत्पादन विनामूल्य नाही. पण पुढे केंद्र शासनाच्या सायबर स्वच्छता केंद्राने फेब्रुवारी २०१७ मध्ये जी विनामूल्य बॉटनाशक साधने नागरिकांसाठी खुली केली, त्यांत क्विक हीलचाही सहभाग होता. त्याच केंद्रातर्फे सी-डॅकने तयार केलेले, पेन ड्राइव्हच्या वापरावर नियंत्रण ठेवणारे 'यूएसबी प्रतिरोध' हे साधनही देण्यात आले.

पेन ड्राइव्हचा हा उल्लेख अप्रस्तुत नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये पसरू लागलेला 'कॉन्फिकर' हा विषाणू पुढे पेन ड्राइव्हमधूनही फिरला. त्याच मार्गाने येणारा, आजही भेटणारा उपद्रव म्हणजे 'शॉर्टकट व्हायरस'. तो सर्व फोल्डर लपवितो आणि त्यांच्याच नावाचे शॉर्टकट पुढे ठेवतो. वापरणाऱ्याला फायली गेल्या असे वाटते, आणि पेन ड्राइव्हही फॉरमॅट होतो. वास्तविक फायली तेथेच असतात. संगणक आधी विषाणूमुक्त करून विंडोजमधील 'अ‍ॅट्रिब' या आज्ञेने लपविण्याची खूण काढली, की त्या जशाच्या तशा समोर येतात. विद्यार्थ्यांचे प्रकल्प आणि प्राध्यापकांच्या टिपणांचा या एका आज्ञेच्या अज्ञानाने किती नाश झाला असेल, याची गणती नाही.

सफाईचा मोह आणि परवान्याचा प्रश्न :

'संगणक वेगवान करा' असे आश्वासन देणाऱ्या आज्ञावलींकडे मात्र वेगळ्या दृष्टीने पाहावे लागते. तात्पुरत्या फायली पुसल्याने जागा मोकळी होते, हे मान्य. आणि जागा कोठे गेली हे पाहण्यास 'विनडिरस्टॅट' उत्तम आहे. परंतु रजिस्ट्री 'स्वच्छ' केल्याने जाणवण्याजोगा वेग मिळत नाही, चुकीची नोंद पुसली गेली तर प्रणाली मात्र अडते. अशा साधनांना आपला पाठिंबा नसल्याचे मायक्रोसॉफ्टनेही स्पष्ट केले आहे.

विश्वासार्ह नावही कायमचे विश्वासार्ह राहते असे नाही. 'सीसीक्लीनर' ही अत्यंत लोकप्रिय सफाई आज्ञावली होती. जुलै २०१७ मध्ये तिची कंपनी अवास्टने घेतली. १५ ऑगस्ट ते १२ सप्टेंबर २०१७ या काळात तिच्या अधिकृत आवृत्तीतूनच, खऱ्या स्वाक्षरीसह, घातक आज्ञा वितरित झाल्या आणि सुमारे २२ लाख ७० हजार वापरकर्त्यांपर्यंत ती आवृत्ती पोचली. म्हणून निर्मात्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच आज्ञावली घ्यावी हा नियम आवश्यक असला, तरी पुरेसा नाही. संगणकावर कायम वास्तव्य करणाऱ्या साधनांची संख्या कमीत कमी ठेवावी. केवळ पाहणारी साधने पेन ड्राइव्हवरून चालवून बंद करता येतात. बदल करणाऱ्या साधनांना ती मुभा विचारपूर्वकच द्यावी.

'विनामूल्य' या शब्दाचाही अर्थ नीट पाहणे संस्थेला भाग आहे. सीसीक्लीनर आणि 'रेकुवा' यांच्या विनामूल्य आवृत्त्या घरगुती वापरापुरत्या आहेत. 'एचडब्ल्यूइन्फो' अव्यावसायिक वापरासाठी विनामूल्य आहे. टेस्टडिस्क, मेमटेस्ट८६ प्लस, विनडिरस्टॅट, सेव्हन-झिप, क्रिस्टलडिस्कइन्फो ही मुक्तस्रोत असल्याने तेथे असा अडसर नाही. सिसइंटर्नल्सची साधने मुक्तस्रोत नसली, तरी कितीही संगणकांवर वापरता येतात. महाविद्यालय म्हणजे घर नव्हे, हे परवान्याच्या भाषेत फार स्पष्ट असते.

संस्थेची नोंदवही :

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित सुरक्षा सेवा संपली. अनेक जुन्या संगणकांत टीपीएम २.० नाही किंवा त्यांचा प्रक्रियक मायक्रोसॉफ्टच्या यादीत बसत नाही, त्यामुळे त्यांना विंडोज ११ घेता येत नाही. कोणता संगणक कशामुळे अपात्र ठरतो, हे मायक्रोसॉफ्टचे 'पीसी हेल्थ चेक' सांगते. कधी कधी टीपीएम उपलब्ध असते, पण बायोसमध्ये बंद असते. संपूर्ण कक्ष निर्लेखित करण्याचा प्रस्ताव व्यवस्थापनापुढे ठेवण्याआधी ही तपासणी प्रत्येक संगणकावर व्हावयास हवी.

त्यासाठी प्रत्येक यंत्राचे एक पान असलेली साधी नोंदवही पुरते. सीपीयू-झेडवरून मिळालेली ओळख, रॅम, डिस्कच्या चारही ओळींचे दशमान आकडे, विश्रांतीतील तापमान, बसविलेले मराठी टंक आणि प्रत कोठे ठेवली ते ठिकाण, एवढे त्यात असावे. सी५ चा एकटा आकडा फारसे काही सांगत नाही. मागच्या वेळी शून्य होता आणि आज आठ आहे, हे पुष्कळ सांगते. वडनेरच्या हवामानात वर्षातून तीन वाचने सोयीची ठरतील : पहिले उन्हाळी सुटीपूर्वी, दुसरे पावसाळा संपल्यावर आणि तिसरे कापसाचा हंगाम ओसरल्यानंतर, पंखे झटकून.